मदत आटली, तरी आरोग्यसेविका टिकावी

गरीब देशांना मिळणाऱ्या परदेशी आरोग्य-मदतीला लागलेल्या कात्रीवरील अग्रलेख वाचला. मदत पूर्ववत करा, ही मागणी रास्त, पण अपुरी आहे. २००१ मध्ये नायजेरियाची राजधानी अबुजा येथे आफ्रिकी देशांनी अर्थसंकल्पाचा किमान १५ टक्के वाटा आरोग्याला देण्याचे ठरवले; बहुतेकांनी तो शब्द पाळला नाही. इथिओपियाने मात्र २००३ मध्ये सुरू केलेल्या योजनेत ३० हजारांहून अधिक स्थानिक तरुणींना वर्षभर शिकवून सरकारी पगारावर नेमले. लसीकरण, गरोदर बायांची विचारपूस त्या घरोघरी जाऊन करतात. परदेशी प्रकल्प गुंडाळला की त्याची गाडी जाते, संगणक जातो, कधी नोंदवह्याही. ही सेविका गावातच राहते. उरलीसुरली मदत आधी तिचा पगार आणि तिच्या कपाटातल्या औषधांसाठी द्या, तीही स्थानिक आरोग्य खात्यामार्फतच.