पीएफटीच्या (फुप्फुसांच्या तपासणीच्या) खोलीतल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही, पण वाचलंत तर ओळखाल.

माझ्या बाबांनी जन्मभर वागळे इस्टेटमध्ये ग्राइंडिंगचं काम केलं. हल्ली ठाणे स्टेशनचा जिना चढताना त्यांना दम लागायला लागला, म्हणून डॉक्टरांनी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून करायची श्वासाची तपासणी, लिहून दिली. तुम्ही त्यांच्या नाकाला क्लिप लावलीत, नळी तोंडात धरायला दिलीत आणि ‘फुंका, फुंका, अजून, सोडू नका काका!’ असा धोशा लावलात. पहिल्या वेळी त्यांना खोकला आला, दुसऱ्या वेळी ओठांच्या फटीतून हवा गेली. तुम्ही जराही वैतागला नाहीत. पाणी दिलंत, थांबलात. चांगल्या जमलेल्या फुंकरा एकमेकींशी जुळल्याशिवाय आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही, म्हणालात.

रिपोर्टवर बाबांना फक्त ‘६५ टक्के’ दिसलं आणि चेहराच उतरला. ‘म्हणजे पस्तीस टक्के फुप्फुस गेलं?’ मागे रांग होती, तरी तुम्ही पेन काढलंत. त्यांच्या वयाच्या, उंचीच्या निरोगी पुरुषाकडून जेवढी अपेक्षा असते, त्याच्या हे ६५ टक्के. फुप्फुसाचा तुकडा गेला असं नाही. मग दोन आकड्यांना गोल केलात. एफव्हीसी २.८० लिटर, म्हणजे छाती भरून श्वास घेऊन जोर लावून बाहेर काढलेली सगळी हवा, एफईव्ही-वन १.५४, म्हणजे त्यातली पहिल्या सेकंदातली. भागाकार ०.५५. तो ०.७० च्या खाली गेला की श्वासनलिका अरुंद झाल्यात, हवा बाहेर पडताना अडतेय असं समजायचं. भागाकार चांगला आणि एफव्हीसीच कमी असती, तर फुप्फुस आक्रसल्याची शंका घेऊन पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या असत्या. साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध दिल्यावर पंधरा मिनिटांनी एफईव्ही-वन जेमतेम ८० मिलिलिटर वाढला. दम्यात बहुधा याहून बराच वाढतो, पण निदान डॉक्टरच करतील, हेही तुम्ही बजावलंत.

डॉक्टरांनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, सांगितलं तेव्हा बाबा गोंधळले नाहीत. बिडी कधी ओढली नाही, मग धुळीने होतं का, हे त्यांनी स्वतः विचारलं. होतं, असं उत्तर मिळालं. एरवी दवाखान्यात तोंड न उघडणारा माणूस! यासाठी तुमचे आभार कसे मानू?

आता औषधाचा पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घेतात. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी आहे. वयाबरोबर एफईव्ही-वन निरोगी माणसाचाही वर्षाला २५-३० मिलिलिटर उतरतो, हे तुम्ही आधीच सांगून ठेवलंय, म्हणून थोड्या घसरणीची त्यांना धास्ती नाही. फक्त तुमच्याच समोर फुंकायचं म्हणतात. तुमची ड्युटी कोणत्या वारी असते, ते विचारून घेईन.

तुमची कृतज्ञ,
ग्राइंडिंगवाल्या काकांची मुलगी