घोड्याचे अकरा तुकडे

देवगड,
२२ जुलै

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट परवा मिळालं. पोस्टमन नखशिखांत भिजला होता, पण पाकीट त्याने रेनकोटच्या आत धरलं होतं म्हणून कोरडं राहिलं. आईने आधी हलवून बघितलं, मग वास घेतला. तिला वाटलं, जपानचा चहा असेल. आतून म्युझियमचं तिकीट आणि तिकिटात बसवलेला फिल्मचा तुकडा निघाल्यावर म्हणाली, "ह्या काय धाडल्यान? तुमच्या डब्यात असली शंभर आसत." मी काही बोललो नाही. का बोललो नाही, ते सांगायलाच हे पत्र. फोनवर जमलं नसतं.

आधी तुझ्या तुकड्याबद्दल. खिडकीत धरून बघितला, समाधान होईना, तेव्हा कपाटातून जुनं भिंग काढलं. तीन फ्रेमा आहेत. गवतातून एक लहान मुलगी पळतेय, पाठमोरी. तू म्हणालीस तो तोतोरोचा तुकडा आहे, घिबली स्टुडिओच्या १९८८ च्या जपानी कार्टून पिक्चरचा. मी तुला वेगळं सांगतो: ही प्रिंट खरोखर थिएटरात चाललेली आहे. चित्रावर केसाएवढ्या बारीक दोन उभ्या रेघा आहेत बघ. थिएटरातल्या मशीनच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते त्या फटीत, धूळ बसली आणि ऑपरेटरने फडकं मारायचा कंटाळा केला, की अशा रेघा पडतात. म्हणजे जपानातही आमच्यासारखे आळशी ऑपरेटर होते तर. एवढं बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसरं. पहिल्या दोन फ्रेमा एकसारख्या आहेत, अगदी शंभर टक्के. तिसरीत मात्र केसांचं टोक जरासं सरकलंय आणि मागचा पाय वर गेलाय. तू सांगितलंस ना, सेकंदाला फ्रेमा चोवीसच, पण एक चित्र दोन-दोन फ्रेमा ठेवतात, म्हणजे बाराच चित्रं काढावी लागतात. ते ऐकून माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, भिंगातून बघितल्यावर शिरलं. आणि आणखी एक गोष्ट मला दिसली ती तू सांगितली नव्हतीस. माझ्या डब्यातल्या फ्रेमांत नाचणाऱ्या माणसाचा हात कायम फिसकटलेला असतो, कारण कॅमेऱ्याचं झाकण उघडं असेपर्यंत हात हललेला असतो. या मुलीचा पाय पळताना पण कापून ठेवल्यासारखा स्वच्छ. ती पळालीच नाही ना कधी! कुणीतरी बसून तो पाय काढलाय. तेवीस वर्षं थिएटरात मशीन चालवलं, आणि हा फरक निवृत्त झाल्यावर कळावा.

हिशेबही केला, सवय जात नाही. ८६ मिनिटांचं चित्र, गुणिले साठ, गुणिले चोवीस: एक लाख तेवीस हजार आठशे चाळीस फ्रेमा. निम्मे धरले, तर हिशेबाने साठ हजारांवर चित्रं. आमच्या हिंदी पिक्चरची सोळा-सतरा रिळं पेटीतून उतरवताना कंबर धरायची, त्यात हाताने काढलेलं एकही चित्र नसायचं. पोस्टर सोडून.

तुझ्या त्या टोकियोजवळच्या मिताकाच्या घिबली म्युझियमचं तू जे सांगितलंस ते मी आईला दोनदा सांगितलं, पहिल्यांदा तिने ऐकलं नाही म्हणून. महिन्याच्या दहा तारखेला पुढच्या महिन्याची तिकिटं सुटतात, त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसहा, आणि तू पुण्यात गजर लावून रांगेत, तीही कॉम्प्युटरच्या. दारात तिकीटबारी नाहीच. आणि इतकं करून तिकीट १००० येन! आपल्या पैशात पाच-सहाशे रुपये. पुण्यात त्या पैशात पॉपकॉर्न येत नसेल.

आत फोटो काढायला बंदी आहे हे मला फार आवडलं. तू चिडली होतीस, मला आवडलं. त्यामुळे तू मला दाखवायच्या ऐवजी सांगितलंस, पाऊण तास. ती गोल फिरणारी चकती, तिच्यावर तोतोरोच्या बाहुल्या एकामागे एक मांडलेल्या, प्रत्येक थोडी वेगळी. चकती जोरात फिरायला लागली की नुसता गिचका दिसतो, आणि दिवा लुकलुकायला लागला की एकदम उड्या मारायला लागतात. अगं, हेच तर आमचं मशीन! फिल्म सलग धावत नाही, प्रत्येक फ्रेम गेटमध्ये क्षणभर थांबते, ती सरकताना पंखा उजेड अडवतो, पुढची येऊन थांबली की सोडतो. उजेड अडवला नाही तर पडद्यावरही तोच गिचका. मी हे तुला लहानपणी समजवायचा प्रयत्न केला होता, तेव्हा तू झोपलीस.

आणि ते ऐंशी माणसांचं छोटं थिएटर, ज्याला खिडक्या आहेत, अंधाराला पोरं घाबरू नयेत म्हणून. आमच्या थिएटरात पोर रडलं की डोअरकीपर बॅटरीचा झोत आईच्या तोंडावर मारायचा आणि सगळं पब्लिक ओरडायचं, "बाहेर न्या त्याला!" खिडकीचा विचार कुणाच्या डोक्यात यावा, तर पोरांसाठी चित्रं काढणाऱ्याच्याच.

आता त्या फाटकाचं. मिताकापासून दोन स्टेशनं पुढे हिगाशी-कोगानेई, तिथे उतरून तू खुद्द स्टुडिओसमोर जाऊन उभी राहिलीस. १९९२ पासून ते लोक तिथे बसतात आणि बाहेरच्या कुणाला आत घेत नाहीत, हे तुला पुण्यातच माहीत होतं. तरी गेलीस. दहा मिनिटं उभी राहिलीस, एक माणूस सायकलवरून आला, आत गेला, दार लागलं, तू परत फिरलीस. मैत्रीण हसली म्हणून तुला लागलं. एवढे पैसे साठवून, विमानाने जाऊन बंद फाटक बघून आली, असं म्हणाली ना?

बरोबर केलंस. कॅबिनच्या दाराला आमच्या आतून कडी असायची. मालकाचा मेव्हणा आला तरी मी उघडत नसे. आत दोन मशीनं, कार्बनच्या कांड्यांचा जाळ, तोच मशीनचा उजेड, दोन कांड्यांमधलं अंतर डोळ्यात तेल घालून सांभाळायचं, रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो, पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन सुरू करायचं, सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, की बदलायचं. ह्या सात सेकंदांत कुणी "काय, बरं आहे ना?" विचारलं की संपलं. पब्लिकच्या शिट्ट्या. काम करणाऱ्या माणसाला बघायचं असेल तर लांबून बघावं, आणि तू तेच केलंस. सायकलवाला कोण होता हे तुला कळलं नाही तेही बरंच. कदाचित त्यानेच काढला असेल तो पाय.

नावाचंही मजेशीर आहे. घिबली म्हणजे लिबियाच्या वाळवंटातला गरम वारा, आणि त्यावरून इटलीच्या एका विमानाचं नाव, आणि त्यावरून १९८५ ला ह्यांच्या कंपनीचं. आपल्याकडे कुणी थिएटर काढून त्याला आपल्या वाऱ्यावरून "मतलई" नाव दिलं असतं तर लोक म्हणाले असते, हा काय, मासे विकणार काय?

पगाराचं विचारलं होतंस ते थोडक्यात सांगतो. तिथे पुष्कळ ठिकाणी चित्रामागे पैसे मिळतात, आणि ह्या स्टुडिओने १९८९ नंतर माणसं कायम पगारावर घेतली, हे तूच मला सांगितलंस. मग त्यात बाप काय सांगणार? नोकरी सोडून ते शिकायला जायचं असेल तर आधी कुणाच्या तरी हाताखाली सहा महिने काढ, आणि पैसे महिन्याचे की चित्राचे ते पहिल्या दिवशी विचार. मी रोजावर काम केलंय. पाऊस जास्त झाला, लाईट गेली, शो रद्द, रोज बुडाला.

आता मुद्द्याचं.

परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, "बाबा, हे सगळं तुमच्या घोड्यापासून सुरू झालं." तुला आठवतोय तो सुपारीचा पत्र्याचा डबा, आणि त्यातले घोड्याचे अकरा तुकडे. पांढरा घोडा, समुद्राच्या कडेने दौडणारा. तू दुसरीत असशील. खिडकीच्या काचेवर एकेक फ्रेम चिकटवून, त्यावर वहीचं पान धरून, पेन्सिलने घोडा गिरवलास, अकरा पानांच्या कोपऱ्यात अकरा घोडे. मग अंगठ्याने पानं सोडलीस. घोडा अर्धा सेकंद पळाला. अर्धासुद्धा नाही, अकरा फ्रेमा म्हणजे त्याहून कमीच. तू दिवसभर तेच करत बसली होतीस आणि रात्री ती वही उशाखाली घेऊन झोपलीस.

मी तुला सांगितलं होतं की तुटलेली फिल्म असते, ती कंपनी टाकून देते. अर्धं खरं. फिल्म तुटली की दोन्ही टोकांची खराब झालेली एक-दोन फ्रेम कापायची, थर खरवडायचा, सिमेंट लावून जोड मारायचा. एक-दोन पुरतात. पण नटीचा क्लोजअप असला की कात्री जरा पुढे सरकायची. माझीच नाही, सगळ्यांची. मुंबईला लागलेली प्रिंट कोल्हापूर करून आपल्याकडे येईपर्यंत गाण्यातल्या ओळी गायब झालेल्या असायच्या, जोडापाशी क्षणभर ओठ हलायचे एकीकडे आणि आवाज दुसरीकडे. पब्लिक आम्हाला शिव्या घालायचं आणि त्यात काही चूक नव्हती.

घोडा तुटलेला नव्हता. ते वर्ष १९९२. मॅटिनीनंतर रीळ उलटं गुंडाळताना हातावर चित्र दिसलं आणि मला ते हवंसं वाटलं. सरळ कापलं. जोड इतका साफ मारला की पडद्यावर मलाही कळला नाही, घोडा नुसता एक ढांग पुढे गेल्यासारखा वाटला. पण पेटी कंपनीत परत गेल्यावर तिथल्या माणसाने रीळ हाताने तपासलं. ताजा जोड बोटाला लागतोच. मालकाला चिठ्ठी आली, दंडासकट.

तेव्हा माझ्या हाताखाली एक पोऱ्या होता, सतरा वर्षांचा. रिळं गुंडाळायचा, कार्बनची थोटकं वेचून तांबं विकायचा. मालक वर आला, म्हणाला, कुणी कापलं? मी बोललो नाही. मला वाटलं, दोघांनाही दम देईल आणि जाईल. मालक त्या पोराकडे बघून म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." पोराने माझ्याकडे बघितलं. घोडा तेव्हा माझ्या शर्टाच्या खिशात होता, विडीच्या कागदात गुंडाळलेला. तरी मी बोललो नाही. पुढचा शो लावायचा होता, मी कार्बन बदलायला लागलो.

तुझा जन्म नंतरचा. आईलाही हे माहीत नाही. आज हे पत्र टाकायच्या आधी तिला वाचून दाखवणार आहे.

तो पोऱ्या दोन वर्षांपूर्वी कुणकेश्वरच्या जत्रेत भेटला. स्वतःचा टेम्पो आहे आता, केस पिकलेत. मी सांगायचं ठरवलं, तोंड उघडलं, आणि त्याने तुझी चौकशी केली. मग चहा पाजला. पैसे मला देऊ दिले नाहीत.

म्हणून तुझा तुकडा बघून मला काय झालं ते तुला कळेल. जे आम्ही कात्रीने लांबवलं, ते तिथे थिएटरात चाललेल्या प्रिंटा कापून, तिकिटात बसवून, रीतसर हातात देतात. कुणाच्या पोटावर पाय न देता. मी आईसमोर हसलो, पण ते हसू नव्हतं.

डबा काल काढला होता. घोडा आता पांढरा राहिला नाही, समुद्रही निळा नाही. जुन्या रंगीत प्रिंटांचं तसंच होतं, बाकी रंग उडतात आणि लालसर तेवढा उरतो. झाकण उघडलं की आंबटसर वास येतो, सोलकढीचा नव्हे, फिल्म सडायला लागल्याचा. त्यात आपल्याकडची खारी हवा आणि चार महिने पाऊस. तुझा तुकडा मी त्या डब्यात ठेवलेला नाही. एका तुकड्याचं सडणं शेजारच्याला लागतं हे एक कारण, आणि दुसरं तुला समजलंच असेल. देवघराच्या फळीवर पंचांगात ठेवलाय. पंचांग वर्षाने बदलेल तेव्हा बघू.

गणपतीला येशील तेव्हा नव्या चपला-बुटांच्या खोक्यांत त्या पांढऱ्या पुड्या असतात ना, ओल ओढून घेणाऱ्या, त्या मिळतील तेवढ्या घेऊन ये. आणि घोड्याचे अकराही तुकडे तू घेऊन जायचेस की नाही, ते तेव्हा मला तोंडावर सांग. त्या टेम्पोवाल्याचा नंबर मी मिळवलाय. अजून फोन केलेला नाही.

आई विचारते, "चेडू कधी येतला ता इचार." तारीख कळव, कोकण रेल्वेची तिकिटं आधीच भरलेली असतात.

तुझा,
बाबा