बाबांच्या डाव्या कानाबद्दल, तुम्हा दोघांना

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

"रिपोर्ट चांगला आलाय, आता मी कशाला रडगाणं लावू?" असं बाबा फोनवर म्हणाले आणि विषय बदलला. ते माझ्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. शिवाय लिहिलेलं वाचायला बाबांना कान ताणावा लागणार नाही.

डाव्या कानाच्या नसेवरच्या गाठीचा रिपोर्ट चांगला आहे, त्यात शंका नाही. गॅमा नाइफचे, म्हणजे चाकू न लावता किरणांनी करतात त्या उपचाराचे, 200च्या आसपास बारीक किरण वेगवेगळ्या दिशांनी येऊन त्या एका गाठीवर मिळतात. त्यांनी गाठ नाहीशी होत नाही, तिची वाढ थांबते, आणि 90 टक्क्यांहून जास्त पेशंटांच्या बाबतीत ती थांबतेच. सहा महिन्यांनंतरच्या एमआरआयमध्ये गाठ उलट थोडी फुगलेली दिसली तेव्हा आपले तिघांचेही चेहरे उतरले होते. पण पहिल्या वर्ष-दीड वर्षात अशी सूज येणं नेहमीचं असतं आणि ती बहुतेकदा ओसरते. तुमचीही ओसरली.

पण बाबा, ही गाठ मेंदूला जोडलेल्या आठव्या नसेच्या आवरणातून वाढली आहे. ऐकणं आणि तोल, दोन्हींचे निरोप मेंदूकडे नेते ती हीच नस. किरण कितीही नेमके सोडले तरी नस गाठीला खेटूनच आहे, तिला थोडी झळ लागतेच. म्हणून गाठ शांत आहे आणि तुम्हाला त्रास आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. लोक म्हणतात, "कॅन्सर नव्हता ना, मग सुटलात!" ते प्रेमानेच म्हणतात. पण त्यामुळे आपल्याला काही होतंय असं म्हणायचा हक्कच उरला नाही, असं तुम्हाला वाटायला लागलंय. मला ते मुळीच मान्य नाही.

आई, आता तुझ्यासाठी. तू म्हणतेस, बाबा ऐकून न ऐकल्यासारखं करतात. शांत खोलीत, समोरासमोर, त्यांना एका कानाने पुरतं. पण नळ चालू असला, टीव्ही लागलेला असला, दोन माणसं एकदम बोलत असली की गलक्यातून एक आवाज निवडून काढायला मेंदूला दोन्ही कान लागतात. आवाज कुठून आला हेही दोन कानांतल्या अगदी बारीक फरकावरूनच कळतं. म्हणून तू हाक मारलीस की ते भलतीकडे बघतात. रस्त्यावर हॉर्नचंही तेच होणार, तेव्हा चालताना तू त्यांच्या उजव्या बाजूला राहा. आतल्या खोलीतून ओरडून सांगू नकोस, ओरडल्याने शब्द आणखी फाटतात. समोर ये, आधी हाक मार, मग बोल. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांग.

तोलाचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गेल्या वेळी मी बघत होते, बाबा आता मान वळवतच नाहीत, अख्खं अंग वळवून बघतात. भोवळ टाळायला ते बरं वाटतं, पण त्याने मेंदू शिकायचा थांबतो. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक ठळक अक्षर चिकटवायचं, नजर त्यावर ठेवून मान डावी-उजवी हलवायची, हे फिजिओथेरपिस्टने सांगितलेलं पुन्हा सुरू करा. करताना गरगरणार, गरगरायलाच हवं. चूक जाणवल्याशिवाय मेंदू तिची भरपाई करायला शिकत नाही. शेजारी भक्कम खुर्ची ठेवा आणि आईला जवळ बसवा. चक्करेच्या गोळीबद्दलही डॉक्टरांशी बोलायला हवं. त्यातल्या काही गोळ्या फार दिवस घेतल्या तर हेच शिकणं मंदावतं. मात्र मनाने बंद करू नका.

कानाची साथ कमी झाली की तोल डोळ्यांवर आणि तळपायांवर येतो. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तुम्ही बेसिनकडे कलता, ते त्यामुळेच. एक हात बेसिनवर ठेवा. रात्री बाथरूमला जाताना अंधारात भिंत चाचपत जाऊ नका. वाटेवर मंद दिवा रात्रभर राहू दे.

कानातल्या शिट्टीवर कुणी थेंब सुचवतील, ते नको. बिघाड कानाच्या आत, नसेत आहे. ऐकू येणं कमी झालं की मेंदू स्वतःच आवाज वाढवून बघतो, म्हणून शांततेत ती जास्त छळते. झोपताना रेडिओ किंवा पंखा हळू चालू ठेवून बघा. आणि पाहुणे गेल्यावर जो थकवा येतो तो आळस नाही आणि वयही नाही. जे आपोआप व्हायचं ते आता मेंदूला कष्टाने करावं लागतंय. आई, त्या वेळी त्यांना थोडं आडवं होऊ दे.

एक गोष्ट लपवत नाही. उरलेलं ऐकू येणंही काही वर्षांत हळूहळू कमी होऊ शकतं. त्यासाठी मशीन असतं, डाव्या बाजूचा आवाज उजव्या कानात पोचवणारं. त्याची चौकशी मी करते आहे.

चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा झाला, डोळा नीट मिटेना, गाल बधिर झाला, ऐकणं एकदम गेलं, किंवा डोकेदुखी वाढत जाऊन उलट्या आणि चाल बिघडणं असं काही झालं, तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, नंतर मला.

पुढच्या एमआरआयला मी येतेय. तोवर काय होतं, कधी होतं, ते वहीत लिहून ठेवा. आई, तूही लिही, कारण धडपडल्याचं बाबा लिहिणार नाहीत. डॉक्टरांपुढे "बरं आहे" म्हणायचं नाही, वही त्यांच्या हातात द्यायची.

रात्रीच्या दिव्याचं तेवढं आजच करा.

तुमची लेक