लंडनची ॲम्ब्युलन्स आणि दूधवाल्याची चिठ्ठी

ती. बाबा व आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, प्रोग्रॅम लिहिण्याआधी आम्ही एवढी चौकशी कसली करतो? फोनवर धड सांगता येत नाही, म्हणून लंडनचं उदाहरण घेते.

२६ ऑक्टोबर १९९२ला तिथल्या ॲम्ब्युलन्स सेवेने गाड्या धाडायचं काम पूर्णपणे कॉम्प्युटरवर सोपवलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी अर्धं काम पुन्हा हाताने सुरू झालं, ४ नोव्हेंबरला सगळंच कागदावर आलं. बेल्जियमच्या ॲक्सेल फान लाम्सवेर्द यांची 'काओस' पद्धत (प्रोग्रॅमकडून काय हवंय ते आधी नीट लिहून काढायची रीत) समजवायला हेच उदाहरण वापरतात.

या पद्धतीत सॉफ्टवेअर काय करेल ते नंतर, साधायचं काय ते आधी लिहायचं: फोन आल्यापासून १४ मिनिटांत गाडी दारात. मग 'का?' विचारत वर जायचं आणि 'कसं?' विचारत खाली. ('लोक सुखी व्हावेत' इथवर पोचलात तर फार वर गेलात.) खाली उतरताना झाडासारखे फाटे फुटतात, त्यांची आकृती काढायची: फोनची नोंद, जवळची मोकळी गाडी निवडणं, ३ मिनिटांत ती निघणं, उरलेल्या ११त पोचणं. एकेक काम एकाच्याच (माणसाच्या किंवा सॉफ्टवेअरच्या) गळ्यात पडेपर्यंत फोड करत राहायचं.

गोम 'जवळची मोकळी गाडी' यात आहे. सॉफ्टवेअर रस्त्यावर डोकावत नाही, त्याला फक्त नोंदी दिसतात. नोंद खरी ठेवणं गाडीवरच्या माणसांच्या हातात, कारण 'निघालो', 'पोचलो' अशी गाडीतली बटणं तेच दाबणार. आई, 'उद्या अर्धा लिटर जास्त' ही चिठ्ठी लावणं तुझ्या हातात, दूधवाल्याने ती वाचणं नाही. आमच्या भाषेत सॉफ्टवेअरने स्वतः करायचं ती रिक्वायरमेंट, माणसांवर सोडलेलं ती नुसती अपेक्षा. अपेक्षा कोड लिहून पुरी होत नाही.

म्हणून प्रत्येक अपेक्षेपुढे विचारायचं, ही खोटी कधी ठरेल? बटण राहिलं, चुकीच्या क्रमाने दाबलं, रेडिओवरचा निरोप पोचला नाही, माणसं ठरल्यापेक्षा वेगळीच गाडी घेऊन गेली. लंडनमध्ये हे सगळं झालं. नोंद चुकली की एकाच ठिकाणी दोन गाड्या जायच्या, नाहीतर लांबची जायची. इशाऱ्यांची रांग वाढत स्क्रीनच्या बाहेर सरकायची. वाट पाहून कंटाळलेले लोक पुन्हा फोन करायचे, की कामाचा ढीग आणखी वाढायचा.

उतारा तिथल्या तिथे लिहायचा. उदाहरणार्थ: गाडी धाडल्यावर ३ मिनिटांत हलली नाही, तर कंट्रोल रूममधल्या माणसाला विचारा. किंवा गाडीचा ठावठिकाणा एकाच बटणावर सोडू नका. हे झाड एका कागदात मावावं. चार पानी आकृती कोणी वाचत नाही, ती काढणाराही नाही.

४ नोव्हेंबरचा घोटाळा मात्र या झाडात सापडला नसता. प्रत्येक गाडी धाडताना थोडी मेमरी अडकवून ठेवणारा कोडचा तुकडा सर्व्हरवर (मुख्य कॉम्प्युटरवर) चुकून राहून गेला होता, आणि पर्यायी सर्व्हर नीट तपासलेलाच नव्हता. तिथे टेस्टिंगच हवं.

तुमची लेक