आईच्या हातावरचा व्रण

प्रिय मित्रा,

आई गेल्यावर आलेल्या पत्रांपैकी तुझंच मी पुन्हा पुन्हा वाचलं. "शरीर म्हणजे वस्त्र, जुनं झालं, टाकलं, आत्मा अमर आहे," हा गीतेतला धीर तू मला दिलास. आणि खाली विचारलंस, "तुमच्यात पुनर्जन्म नाही, मग आई आता कुठे आहे असं मानतोस?" महिनाभर उत्तर जमलं नाही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ईस्टरची पहाटेची उपासना कबरस्तानात होते. "ख्रिस्त उठला आहे," पाळक म्हणाले. "खरोखर उठला आहे," आम्ही म्हणालो. आईच्या कबरेवरची माती अजून बसलेली नाही. मग विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणं, सुरू झाला. लहानपणापासून पाठ आहे, पण "शरीराचे पुनरुत्थान", म्हणजे शरीराने पुन्हा उठणं, या शब्दांपाशी माझा आवाजच फुटेना. शरीराचे. आत्म्याचं अमरत्व त्या ओळीत नाहीच रे.

तुला आईचा डावा हात आठवतो? ज्वारी काढताना विळा लागला होता, अंगठ्यापासून मनगटापर्यंत व्रण होता. त्याच हाताने ती आपल्या दोघांना भाकरी वाढायची. तो हात म्हणजे टाकून दिलेलं वस्त्र, हे माझ्याच्याने मानवत नाही. उठलेल्या येशूनेही आपल्या शिष्याला, थोमाला, हाताचे व्रणच दाखवले होते. शिष्यांना वाटलं भूत आहे, तेव्हा त्याने भाजलेला मासा मागून खाल्ला. मृत्यूवर जय मिळवलेल्या देहावर खिळ्यांच्या खुणा तशाच! म्हणजे जे सोसलं ते पुसलं जात नाही, त्याचंही काहीतरी होतं. मला या गोष्टीचा फार आधार वाटतो.

हे पटायला अवघड आहे, मान्य. अथेन्समध्ये येशूचा प्रेषित पौल याची थट्टा झाली ती याच मुद्द्यावर. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीतही काहीजण मेलेले उठत नाहीत म्हणत होते. इ.स. 55च्या सुमारास पौलाने त्यांना लिहिलं, की तू पेरतोस तो नुसता दाणा. तो मेल्याशिवाय जिवंत होत नाही, आणि उगवतं ते दाण्यासारखं दिसत नाही. आईला हे कुणी समजावून सांगावं लागलं नसतं. तिने आयुष्यभर ज्वारी पेरली. कणीस दाण्यासारखं नसतं, पण ते त्याच दाण्याचं असतं.

म्हणून "मरण म्हणजे काहीच नाही" असं मला म्हणता येत नाही. पौल मरणाला शेवटला शत्रू म्हणतो. मेलेला मित्र लाजर याला उठवायचं हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला. मग मी रडलो तर माझा विश्वास कमी पडला, असं कुणी म्हणू नये.

आणि सार्वकालिक, म्हणजे अनंत, जीवन? पूर्वी मला वाटायचं, न संपणारी वर्षं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या 17व्या अध्यायात येशू प्रार्थनेत सांगतो की देवाला ओळखणं हेच ते जीवन. म्हणजे ते इथेच सुरू होतं. पण शेवटची दोन वर्षं आईला काहीच ओळखू येत नव्हतं. मला ती "तुम्ही कोण?" विचारायची. मग तिच्या त्या जीवनाचं काय झालं? या प्रश्नाने मी रात्री जागून काढल्या.

उत्तर मला येशूची शिष्या मग्दालीया मरीया हिच्याजवळ मिळालं. कबरेबाहेर येशू समोर उभा असूनही तिने त्याला ओळखलं नाही. तिला तो माळी वाटला. त्याने "मरीये" अशी हाक मारली, तेव्हा तिने ओळखलं. तिने ओळखण्याआधीच तो तिला ओळखत होता. आई आम्हाला विसरली, स्वतःलाही विसरली. तो तिला विसरला नाही.

तू विचारलंस, कुठे आहे? आमच्यात म्हणतात, "प्रभूमध्ये झोपी गेली." ती त्याच्याजवळ आहे, आणि हाक यायची आहे.

कबरेच्या दगडावर काय कोरायचं ते अजून ठरलेलं नाही. भाऊ म्हणतो, एखादं वचन घालू. मला फक्त तिचं नाव हवंय. तू सुट्टीत येशील ना? दगड तेव्हाच बसवू.

तुझाच