सतरंज्या उचलणाऱ्यांचंही ऐका

प्रति,
मा. राहुल नार्वेकर,
अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा

अध्यक्ष महोदय,
सविनय नमस्कार.

जानेवारी २०२४ मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांनी पक्षांतरबंदी कायद्याच्या फेरविचारासाठी समिती जाहीर केली आणि तिचं अध्यक्षपद तुमच्याकडे दिलं. घटनातज्ज्ञ, वकील, पक्ष आपापली बाजू मांडतीलच. मी नाशिकच्या सिडकोतला साधा मतदार आहे. मला आमदारांपेक्षा त्यांच्यासाठी बूथवर बसणाऱ्यांबद्दल बोलायचं आहे.

पक्षांतरांमुळे लोकांनी मतदान सोडलं, असं मी म्हणणार नाही. तसं झालेलंच नाही. दोन पक्ष फुटल्यानंतर २०२४ च्या विधानसभेला राज्यात सुमारे ६६ टक्के मतदान झालं, २०१९ ला ते ६१ च्या आसपास होतं. आमच्या जिल्ह्यात येवला, दिंडोरी, सिन्नर, निफाड, देवळाली, कळवण इथले अजित पवारांबरोबर गेलेले सहाही आमदार पुन्हा निवडून आले. जनतेनेच शिक्का मारला, आता तक्रार कसली, असं कुणीही विचारेल. पण त्याच वर्षी लोकसभेला नाशिकने शिंदेंसोबत गेलेल्या खासदारांना घरी बसवलं होतं. या दोन निकालांतून पक्षांतराबद्दलचा कौल शोधायचा तरी कसा? मला वाटतं, मतदाराने पक्षाकडे बघणंच सोडलंय. तो माणूस बघतो, नळाला पाणी येतं का बघतो, खात्यात काय जमा झालं बघतो, आणि बटण दाबून घरी जातो.

नुकसान होतं ते दोन निवडणुकांच्या मधल्या काळात. २००९ मध्ये या शहराने मनसेचे तीन आमदार दिले, २०१२ मध्ये चाळीस नगरसेवक आणि महापौर. आमच्या भागातली कितीतरी पोरं तेव्हा पहिल्यांदा राजकारणात उतरली. मतदार याद्या तपासायच्या, स्लिपा वाटायच्या, ड्रेनेजची तक्रार घेऊन विभागीय कार्यालयात साहेबांची वाट बघत बसायचं. तिकीट आपल्याला मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी उत्साह होता. मग एकेक करून नगरसेवक भाजपमध्ये, शिवसेनेत गेले आणि २०१७ ला मनसेचे पाच निवडून आले. काही पोरं आपल्या नगरसेवक भाऊंच्या मागे गेली. ज्या दारात उभं राहून समोरच्या पक्षाला शिव्या घातल्या, त्याच दारात त्याच पक्षाच्या स्लिपा घेऊन उभी राहिली. “काय रे, या वेळी कोणाकडून?” असं एखाद्या काकूने हसत विचारलं, की पोराची मान खाली. बाकीची सरळ घरी बसली. आज कॉलनीच्या रस्त्यासाठी निवेदनावर सह्या गोळा करायला माणूस मिळत नाही, त्याचं एक मूळ इथे आहे. (दुसरं मोबाईलमध्ये आहे, त्यावर तुमची समिती काही करू शकणार नाही.)

मार्च २०२२ पासून आमच्या महापालिकेवर प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षांनी, १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. एवढा काळ बिनपदाचे राहून पक्षाचं काम केलेल्यांना अर्ज भरायच्या शेवटच्या आठवड्यात काय दिसलं? भाजपमध्ये विरोधी गोटातल्या माजी महापौरांचे प्रवेश, त्याला पक्षाच्याच आमदारांचा जाहीर विरोध, आणि एबी फॉर्मसाठी, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदासाठी, तो नेणाऱ्या गाडीचा पाठलाग. हे आज भाजपचं आहे इतकंच, सत्ता असेल त्या पक्षात हे होतं. सतरंज्या उचलणाऱ्याने यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं.

अध्यक्ष महोदय, शिवसेना, राष्ट्रवादी, भाजप असा प्रवास तुमचाही आहे. मी तो दोष मानत नाही, विचार बदलण्याचा हक्क सगळ्यांना आहे. प्रश्न आमच्या मतांवर मिळालेली खुर्ची सोबत नेण्याचा आहे. २००५ मध्ये नारायण राणेंनी आमदारकी सोडून मालवणची पोटनिवडणूक लढवली आणि जिंकली. २०१९ मध्ये उदयनराजेंनी खासदारकी सोडली आणि साताऱ्यात ते हरले. निकाल काहीही लागो, दोन्हीकडे मतदाराला विचारलं गेलं.

एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर कुणी अपात्र नाही, ही १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यातली पळवाट २००३ मध्ये बंद झाली. निर्णयाला वेळ लावण्याची मात्र उरली. शिवसेना फुटीनंतरच्या २०२२ च्या अपात्रतेच्या याचिकांवर तुमचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला आला आणि दोन्ही गटांतलं कुणीही अपात्र ठरलं नाही. तो बरोबर की चूक, हा वाद मी इथे घालत नाही. पण दीड वर्षाने मिळालेलं उत्तर, ते कसंही असो, बूथवरच्या माणसाच्या काही उपयोगाचं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच अशा निर्णयासाठी साधारण तीन महिन्यांची मुदत सांगितली होती. जुलै २०२५ मध्ये तेलंगणाच्या प्रकरणात पुन्हा तीच मुदत देताना, हे काम अध्यक्षांकडे ठेवावं का याचा विचार संसदेने करावा, असंही म्हटलं.

म्हणून मागणं एवढंच. आधी राजीनामा, मग पक्षप्रवेश, ही अट कायद्यात यावी. नगरसेवकांसाठी १९८६ चा वेगळा राज्य कायदा आहे, त्यालाही ती लागू करण्याची शिफारस व्हावी. निर्णय तीन महिन्यांत व्हावा आणि तो अध्यक्षांऐवजी स्वतंत्र न्यायाधिकरणाने द्यावा. स्वतःचे अधिकार कमी करा असं स्वतःच लिहून देणं अवघड आहे, हे कळतं. तरी ते तुमच्या सहीने आलं तर त्याला वजन येईल.

आणि समितीची एक जनसुनावणी नाशिकला घ्या. विभागीय आयुक्तांचं कार्यालय नाशिकरोडला आहे, तिथे सभागृहाची अडचण नाही. फक्त रविवार ठेवा. ज्यांचं ऐकायचं आहे ते इतर दिवशी अंबड-सातपूरच्या कारखान्यांत कामावर असतात.

आपला,
सिडको, नाशिक येथील एक मतदार