बाबांनी विचारलेल्या शेअर्सबद्दल

कळवा, ठाणे
15 एप्रिल 2026

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आमच्या कंपनीचे निकाल कसे लागणार, थोडे शेअर्स घेऊन ठेवू का, असं तुम्ही फोनवर विचारलंत आणि मी विषय बदलला. तुम्हाला ते लागलं, असं आई नंतर म्हणाली. फोनवर घाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

तिमाही संपली की कंपनीतल्या काही माणसांना तिचे शेअर्स घेता-विकता येत नाहीत. निकाल जाहीर झाल्यावर 48 तासांनी ही बंदी उठते. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीचे 2015चे नियम आहेत. संचालक आणि मोठे अधिकारी त्यात येतातच, पण जाहीर न झालेली माहिती ज्यांच्या हातून जाते त्या सेक्रेटरी मंडळींचाही त्यात वेगळा उल्लेख आहे. साहेबांकडचे कागद संचालकांना जातात ते माझ्या हातून, त्यामुळे त्या यादीत मी आहे. माझ्याशी बोलून तुम्ही शेअर्स घेतलेत, तर तुम्हीही त्या नियमात येता. तेव्हा आमच्या कंपनीचे शेअर्स घेऊच नका, आता नको आणि नंतरही नको. सोबत त्यासाठी कंपनीला द्यायचा फॉर्म आहे, त्यात दोघांचे पॅन नंबर भरून पाठवा. काकांनी विचारलं तर त्यांनाही हेच सांगा.

कुणी विचारलं की तुम्ही मी मॅनेजर असल्याचं सांगता, हे मला माहीत आहे. मुलाने साहेबांच्या केबिनबाहेर बसावं, हे तुम्हाला अजून पटलेलं नाही. पण कलेक्टर ऑफिसमधल्या स्वीय सहाय्यकांबद्दल तुम्ही किती आदराने बोलायचात! लघुलेखनाच्या परीक्षा देऊन ते त्या खुर्चीवर आले होते. कुठला कागद आधी पुढे ठेवायचा आणि कुणाला दारातच थांबवायचं, हे त्यांना बरोबर कळायचं. मी तेच काम करतो, फक्त ऐरोलीत आणि खासगी कंपनीत.

आई, तुझी काळजी वेगळी आहे. तू इंग्रजी टायपिंगची मिनिटाला 40 शब्दांची परीक्षा दिलीस, आणि त्याच क्लासातली मशीन भंगारात जाताना पाहिलीस. गोदरेजने 1955 साली टाइपरायटर बनवायला घेतले आणि 2009मध्ये ते थांबवलं. आता बैठकीतलं बोलणंही कॉम्प्युटर आपोआप उतरवून घेतो, मग मला कोण ठेवणार, असं तुझ्या मनात येतं. डिक्टेशन घेणं खरंच संपलं, मी एकदाही घेतलेलं नाही. पण मार्चमधलं एक उदाहरण सांगतो. अमेरिकेतली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात, युरोपातली शेवटच्या रविवारी, आणि आपली हलतच नाहीत. एरवी हिवाळ्यात आपल्या संध्याकाळी सातला न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ आणि फ्रँकफर्टमध्ये दुपारचे अडीच वाजलेले असतात. या मधल्या दिवसांत न्यूयॉर्कचे साडेआठ पकडले, तर आपल्याकडे सहा वाजतात आणि जर्मनीत दीड, म्हणजे त्यांच्या ऐन जेवणाची वेळ. कॅलेंडर वेळा अचूक दाखवतं. त्यातली कुणाची वेळ हलवायची, कुणाला आधी फोन करून विचारायचं आणि कोण मनात धरून बसेल, हे त्याला ठाऊक नसतं.

टिपणांचंही तसंच. आमच्याकडे माणसं एका वाक्यात मराठी, हिंदी आणि इंग्रजी बोलतात, तिथे उतरवलेला मजकूर गडबडतो. समजा, नाही गडबडला, तरी दोघे तावातावाने जे बोलले त्यातलं किती लिहायचं आणि ठरलं नेमकं काय, हे मला ठरवावं लागतं. त्या दोन ओळींवर पुढे महिनाभर लोक काम करतात. या कामाचा मला अभिमान आहे.

प्रवासाची व्यवस्था, व्हिसाचे कागद, खर्चाची बिलं हे तर रोजचंच. डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आहेत. तिकीट काढताना आता विमान कुठून सुटणार तेही पाहावं लागतं, नाहीतर गाडी सांताक्रूझला जायची आणि विमान उलव्याहून.

खरी अडचण दुसरीच आहे. या नोकरीत बढतीच्या पायऱ्या थोड्या, आणि साहेब बदलले की सहाय्यकाची खुर्चीही हलते. नवे साहेब कधीकधी आपला माणूस बरोबर घेऊन येतात. म्हणून मी विभागाचं बजेट सांभाळायला मागून घेतलं आहे. संचालकांच्या बैठकीचे कागद कंपनी सेक्रेटरींच्या, म्हणजे कंपनीची कायदेशीर कागदपत्रं पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, हाताखाली तयार करायला शिकतो आहे. त्या बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी जावी लागते, त्यामुळे ते दिवस घाईचे असतात आणि घरी यायला उशीर होतो. तुमचा फोन तेव्हाच नेमका राहून जातो.

बाबा, बँकेच्या परीक्षांच्या जाहिराती कापून पाठवणं आता थांबवा. मला हेच काम करायचं आहे, आणि पुढेही यातच राहायचं आहे. फॉर्मवर दोघांच्या सह्या मात्र विसरू नका.

तुमचा,
निखिल